काळ्या दातावरची मेख

मी एक जुनी लोखंडी मेख आहे. पोलंड आणि स्लोव्हाकियाच्या सीमेवर काळा दात नावाचा सुळका आहे. त्याच्या उत्तर कड्यावर, शिखराच्या जरा खाली, एका फटीत मी अजून रुतून आहे.

मित्रांनो, वावझेक लोहाराने मला मुद्दाम मऊ लोखंडातून घडवले. मऊ मेख ठोकताना वाकते आणि फटीचाच आकार घेते. त्याच्या मुलीने, ब्रोन्काने, मला कमरेला लटकवले तेव्हा मी आनंदाने खणखणत होते. तो कडा तोवर कुणीच चढले नव्हते, आणि सीमेपलीकडचा गिर्यारोहक मातूशही त्याच आठवड्यात तो चढायला निघणार होता.

शेवटच्या, बाहेर झुकलेल्या खडकाखाली ब्रोन्काकडे मी एकटीच उरले. खाली तिची मावसबहीण हान्का दोर धरून उभी होती.

"काय गं, झोपलीस का तिथं?"

"एकच मेख उरलीय. ही नीट बसली नाही तर परत फिरायचं."

"आणि तो मातूश वर बसून चीज खाणार? ठोक, बाई, ठोक."

पहिला घाव बसला, टक्. दुसऱ्याला आवाज वर चढला. फट जितकी घट्ट धरते तितका माझा सूर उंच होतो. शेवटच्या घावाला मी चक्क गायले.

"ऐकलंस?"

"ऐकलं. तुझ्यापेक्षा बरी गाते. चल आता."

माझ्यात कडी अडकवून, तिच्यातून दोर ओवून ब्रोन्का वर सरकली. तोच तिच्या हातातला दगड निखळला आणि ती कोसळली. दोर ताणला. सगळा भार माझ्यावर आला. मी किंचित वाकले, पण फट सोडली नाही.

"हान्के, आहेस ना?"

"मी आहे. माझं काळीज खाली पडलंय, उतरताना शोधू."

लटकल्या लटकल्या ब्रोन्का हसत सुटली. मग तिने पुन्हा खडक धरला. थोड्या वेळाने शिखरावरून तिची हाक आली, "हान्के, ये वर. इथं अजून कुणीच नाहीये."

मागून चढणाऱ्या हान्काने मला उपटायचा प्रयत्न केला. मी हललेसुद्धा नाही. "राहू दे हिला," ती म्हणाली, "मातूशच्या उपयोगी पडेल."

मी मातूशच्या उपयोगी पडलेच. नंतर कितीतरी जणांनी मला शाबासकी दिली. आताची मुले मात्र मला पाहतात, कडी अडकवतात आणि निघतात. दर हिवाळ्यात फटीतले पाणी गोठते, फुगते आणि फट रुंदावते. माझा गंज आत आहे, तो बाहेरून दिसत नाही.

मित्रांनो, जुनी म्हणून माझ्यावर भरवसा ठेवू नका. आधी हातोडा मारा. आवाज बद्द आला तर मला खुशाल उपटून फेका. मला वाईट वाटणार नाही. माझ्या भरवशावर कुणी पडले आणि मी सुटले, तर मात्र वाटेल.