खोक्याखोक्याने लावलेली फरशी

माझी ताई फरशी बसवते. ‘बाई असून’ हे शेपूट लोक स्वतःच जोडतात, मी जोडत नाही. तिच्या हाताखाली बारा वर्षं सिमेंटचा माल कालवतोय. तिच्यासारखी सरळ ओळ धरणारा दुसरा हात या शहरात असेल तर दाखवा, मी थापी टाकून देतो.

आमच्याकडे सरकारी शाळा दोन. रुळांच्या वर एक, खाली एक. वरची गोऱ्यांची, पैसेवाल्यांची. खालची आमची, म्हणजे आजोबांच्या पिढीत बोटीत कोंबून कामाला आणलेल्या काळ्या माणसांची. पाटी मात्र दोन्हीकडे एकच, ‘सर्वांसाठी’. वर प्रयोगशाळा. खाली विज्ञानाचे मास्तर आठवड्यातून एकदा, तेही बस मिळाली तर. आता ठराव आला होता की चौथीपर्यंतची सगळी मुलं खालच्या इमारतीत आणि पाचवीपासून सगळी वरच्या. म्हणजे दोन्हीकडची एकत्र. मत रहिवाशांनी द्यायचं. ताईची मुलगी चौथीत होती. ठराव पडला की तिच्या नशिबी पुन्हा आठवड्याचे मास्तर.

सभा वरच्या शाळेच्या हॉलमध्ये. एक वकील उठले.

“माझा कुणालाही विरोध नाही, पण...”

या ‘पण’साठीच तर माणूस सभेला येतो.

“पण मुलं आपापल्या लोकांत खुलतात. वेगळं राहिलं की दोघांनाही बरं. आणि आमच्या मुलांचे गुण घसरले तर जबाबदार कोण?”

टाळ्या पडल्या. आमच्या मागे आमच्याच गल्लीतला न्हावी बसला होता. तो पुटपुटला, “आपली पोरं इथे येऊन अपमान गिळणार. आहे ते बरं आहे.”

मला वकिलापेक्षा न्हाव्याचा राग जास्त आला, कारण त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. मी तोंडात शिवी घेऊनच उठलो. ताईने दंड धरून खाली बसवलं.

“तू नको. तू बोललास की मुद्दा राहतो घरी आणि भांडण येतं पुढे.”

ती उभी राहिली. कामावरून थेट आलेली, गुडघ्यांवर सिमेंट वाळलेलं.

“वकीलसाहेब, तुम्ही उभे आहात ती फरशी मी घातलीय. बारा वर्षं झाली. व्यासपीठापाशी बघा. डाग दिसतोय?”

सगळ्यांच्या माना वळल्या. खाटेएवढा पिवळट चौकोन.

“दिसतोय ना,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “बारा वर्षं घासतोय आम्ही. निघत नाही.”

“निघणार नाही. तो डाग नाही, तो माझा भाऊ आहे.”

हॉल हसला. मी बुटांकडे बघत बसलो.

“हा तेव्हा नवा होता. फरशांचं एक खोकं फोडलं, संपवलं, मग दुसरं फोडलं. कारखाना एक, माती एक, तरी प्रत्येक भट्टीचा रंग केसभर वेगळा येतो. खोक्याखोक्याने लावली की ठिगळ पडतं. म्हणून आम्ही चार खोकी एकदम फोडतो आणि प्रत्येकातली एकेक उचलतो. बाकीचा हॉल तसा घातलाय. शोधा त्यात ठिगळ.”

वकील हसले. “मुलं म्हणजे फरशा नव्हेत, बाई.”

“नाहीतच. फरशी शेजारच्या फरशीकडून काही शिकत नाही, पोरं शिकतात. माझी पोरगी तुमच्या पोराला शिव्या शिकवेल ही तुमची भीती. ती तुमच्याकडून ‘पण’ म्हणायला शिकेल ही माझी.”

मग ती मागे न्हाव्याकडे वळली. “आणि दादा, अपमान होणार. मी काय त्याला नवी आहे? वरच्या घरांत मला मागच्या दारानेच घेतात. पण जे पोरगं दहाव्या वर्षी माझ्या पोरीशेजारी बसेल, तिच्याशी भांडेल, तिची पेन्सिल चोरेल, ते चाळिशीत तिला मागचं दार दाखवताना निदान अडखळेल. तेवढं मला पुरे.”

मुख्याध्यापिका म्हणाल्या, ठरावाच्या बाजूचे उभे राहा. आम्ही उठलो. वरचेही बरेच उठले, हे लिहिलं नाही तर मी खोटारडा ठरेन. न्हावी बसलेलाच. आमच्या शेजारी बसलेली माझी भाची खुर्चीवर चढून उभी राहिली.

“ती मुलगी मोजू नका,” वकील ओरडले.

“नका मोजू,” भाची म्हणाली. “पण मी बसणार नाही.”

न्हाव्याने तिच्याकडे पाहिलं. मग खुर्चीचा हात धरून तोही उठला. “गुडघे आखडलेत,” तो आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाला.

मुख्याध्यापिकांनी तीनदा मोजलं. बाजूने एकशे पाच, विरोधात एकशे चार. पोरगी मोजलेली नव्हती.

काही जण आमच्याकडे न बघता निघून गेले. ते आपली मुलं दुसरीकडे घालतील, घालू देत. ताईने भाचीला खुर्चीवरून उतरवलं आणि तिच्या फ्रॉकला पडलेली चुणी सरळ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाव्याच्या दुकानात शिरलो आणि भर गिऱ्हाइकात त्याला मिठी मारली.

“अरे लांब हो, वस्तरा आहे हातात!”

मी लांब झालो नाही.