उजव्या कळीतली काकवी

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे आणि गेल्या सोमवारी सकाळी माझे दोन्ही सेल काढून नव्या रिमोटला बसवण्यात आले. आमच्यात याला मरण म्हणतात. पण तसं काही झालंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. सुरुवातीलाच रडारड झाली की गोष्टीची चव जाते.

माझा जन्म कारखान्यात झाला. साखरेच्या नव्हे. आमच्या शेळगावात कारखाना म्हटलं की दुसरं काही कुणाच्या डोक्यात येत नाही, म्हणून आधीच सांगितलं. बारामतीत नोकरीला लागलेल्या प्रतिक्षानं घरी टीव्ही आणला, त्याच्या खोक्यात मी होतो.

"तात्या, यात जगातलं सगळं पिक्चर दिसत्यात," ती वडिलांना म्हणाली.

बिरदेव तात्या म्हणाले, "सगळं बघून काय करू? एक चांगला दाव."

मला आल्या आल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावण्यात आलं. असा मान पाहुण्यांनाही मिळत नाही. पुढे पिशवी फाटली, आणि त्याच आठवड्यात प्रतिक्षाच्या आईच्या, सारजाकाकूंच्या, हातून माझ्यावर काकवी सांडली. काकू भाकरी खात होत्या आणि पडद्यावर नायिकेनं अचानक विहिरीत उडी मारली. चूक नायिकेची. त्या दिवसापासून माझी उजवी कळ एकदा दाबली की वर येईना. पडद्यावरची चौकट उजवीकडे पळत सुटायची, ती ओळ संपल्यावरच थांबायची.

मित्रांनो, ओळीच्या सुरुवातीला गाजलेले पिक्चर असतात. ते आमच्याकडे भर्रकन मागे पडायचे. ओळीच्या टोकाला असतात ते कुणीच न पाहिलेले. तात्यांना वाटायचं, जगात एवढेच पिक्चर निघतात. बर्फात हातगाडी ढकलणारा माणूस, शिंग मोडलेल्या बैलाचं लग्न, दोन तास गप्प बसलेली बाई, सगळं आम्ही पाहिलं. फार सुखाचे दिवस होते ते.

पिक्चर संपला की निकाल लागायचा. उसातून साखर किती निघाली त्याला इकडे उतारा म्हणतात. पिक्चरलाही तेच माप: बारा म्हणजे झकास, नऊ म्हणजे बेताचा.

"सारजे, उतारा किती?"

"नऊ."

"नऊ? अगं, तो गडी शेवटाला रडला की!"

"कांदा चिरताना मीबी रडते. नऊच."

एकदा प्रतिक्षानं मोबाईलवर एक गाजलेला पिक्चर दाखवला. तात्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "ऊस उंच हाय, पर पोकळ."

मग त्या सोमवारच्या आधीचा शनिवार आला. मी एका ओळीच्या टोकाला धावलो आणि एक मेंढपाळ सापडला. देश कुठला, भाषा कुठली, काही कळेना. खाली बारीक अक्षरं होती, ती प्रतिक्षानं वाचली, "रविवारनंतर हा पिक्चर काढून टाकणार हायेत." त्या म्हाताऱ्याची कान फाटलेली मेंढी हरवली होती. तो डोंगरावर चढला, तोंडाशी हात नेला आणि त्यानं हाक दिली, "हुर्रऽऽ याऽऽ!"

तात्या ताठ बसले. भाषा कळली नव्हती, हाक मात्र कळली. त्यांचे वडील, आबा, अशीच हाक द्यायचे. मेंढरं विकून रानात ऊस लावला, तेव्हापासून त्या घरात ती कुणी दिली नव्हती.

आणि लाईट गेली.

रविवारी तो पिक्चर शोधायला प्रतिक्षानं नवा रिमोट काढला. त्याच्या खोक्यात सेल नव्हते, म्हणून माझे काढले आणि मला लसणाच्या टोपलीत ठेवलं. लाईट गेल्यामुळे टीव्हीनं पिक्चरची खूण ठेवली नव्हती. नाव कुणी पाहिलं नव्हतं.

"हा नुसतं बोललं तरी शोधतो, तात्या."

तात्या नव्या रिमोटच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाले, "मेंढी हरवलीया."

त्यानं मेंदी ऐकलं आणि लग्नाचे सप्तरंगी पिक्चर मांडले.

"मेंदी न्हाय रं बाबा, मेंढी! चार पायाची!" तात्या ओरडले.

"मेंढरं म्हणा, अवं," काकूंनी सुचवलं. तात्यांनी म्हटलं. रिमोटनं तांबड्या रश्श्याची कृती दाखवली. तात्यांनी मान फिरवली. ते दुखावले होते.

मग नुसती कळ दाबून शोध सुरू झाला. नवा रिमोट एका दाबाला एकच घर पुढे सरकायचा. ओळी संपेनात, तात्यांचा अंगठा दुखून आला, दिवस कलला. शेवटी ते हळूच म्हणाले, "आबाची हाक व्हती गं ती. मेंढी घावली का न्हाय, एवढंच बघायचं व्हतं."

प्रतिक्षा उठली. तिनं मला लसणातून काढलं, सालं झटकली, सेल घातले.

मित्रांनो, मी धावलो! पहिली ओळ, टोक. दुसरी ओळ, टोक. अशा किती ओळी झाल्या कोण जाणे, आणि एका टोकाला तो म्हातारा उभा!

डोंगरावर धुकं होतं. त्यानं परत हाक दिली. धुक्यातून काहीच आलं नाही. त्यानं परत दिली. तेव्हा तात्या उभे राहिले, तोंडाशी हात नेला आणि घर दणाणलं, "हुर्रऽऽ याऽऽ!"

मागच्या गोठ्यातून आमची शेळी ओरडली. पडद्यावर धुक्यातून फाटका कान बाहेर आला. कुणाच्या हाकेनं आला ते मी सांगू शकत नाही.

पिक्चर संपला तेव्हा काकूंनी डोळ्यांना पदर लावून विचारलं, "उतारा किती?"

"ह्याचा उतारा काढायचा न्हाय," तात्या म्हणाले. "हे बेणं हाय, फुडच्या लागणीला राखायचं. बेण्याचा ऊस कुणी कारखान्याला घालतं व्हय?"

सोमवारी पिक्चर गेला. त्याच सकाळी माझे सेलही गेले, पण तसं काही झालं नाही हे आपलं आधीच ठरलं आहे.

तरी मा. रिमोट उत्पादक महोदयांस सविनय विनंती, की यापुढे बाजारात येणाऱ्या प्रत्येक रिमोटच्या उजव्या कळीत थेंबभर काकवी कारखान्यातच सोडण्यात यावी, व ती ग्राहकाने पुसल्यास हमी रद्द समजण्यात येईल असा शेरा खोक्यावर छापण्यात यावा. पत्रोत्तर लसणाच्या टोपलीच्या पत्त्यावर पाठवावे. कळावे.