न बुडणारी वाटी

मुत्तय्याच्या अंगणात अख्खी गल्ली लोटली होती. घंगाळातल्या पाण्यावर तांब्याची एक वाटी तरंगत होती. तिच्या तळाला बारीक भोक. हळूहळू पाणी भरून ती बुडाली की घटका सरली. आज ती बुडतच नव्हती!

"बघा!" मुहूर्त सांगणारे काळनाथस्वामी गरजले. "राहू दारातच ठाण मांडून बसलाय. वाटी बुडण्याआधी उंबरा ओलांडाल, तर अडलेली बाई हातची जाईल!"

आत मुत्तय्याची बायको वल्ली बाळंतकळांनी कण्हत होती. सुईण धावत बाहेर आली. "रक्त थांबेना रे! कुंभकोणमच्या दवाखान्यात ने तिला." मी शेजारचा टॅक्सीवाला, फाटकापाशी गाडी चालू ठेवूनच उभा होतो.

"स्वामी, पंचांगात तर राहुकाळ संपलाय," मुत्तय्या रडकुंडीला आला.

"छापील कागद खरा की ही वाटी? राहू सोनं मागतोय. बायकोच्या कुड्या आण, मग बघ चमत्कार!"

मुत्तय्या कुड्या आणायला वळला, तेवढ्यात वल्लीची थोरली बहीण पूंकुळली धापा टाकत आली. ती शाळेत विज्ञान शिकवते.

"वाटी दाखवा."

"खबरदार! बाईचा हात लागला तर कोप होईल!"

"होऊ दे माझ्यावर." तिने वाटी उचलून उन्हात धरली, खाली तळहात पसरला. हातावर नुसती सावली पडली. "मुत्तय्या, भोक आहे ना? मग उन्हाचा ठिपका कुठाय?"

केसांतली पिन काढून तिने वाटीचा तळ खरवडला. मेणाची गोळी हातावर पडली.

"कुड्या मिळाल्या की आशीर्वादाच्या नावाखाली नखाने हे मेण काढायचं. झाला चमत्कार!"

"अगंबाई, राहू मेणाचा होय?" गर्दीतली एक म्हातारी म्हणाली. स्वामींचा चेहरा पांढराफटक पडला. पूंकुळलीने वाटी पाण्यात सोडली. भोकातून पाणी उसळू लागलं.

"अक्का, बुडेपर्यंत थांबायचं?" मुत्तय्याने विचारलं.

"अजून? उचल तिला!"

गाडी मी कशी हाकली, माझं मला ठाऊक. वल्ली वाचली, दवाखान्यात जन्मलेली मुलगीही वाचली. "आणखी उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वल्लीच्या सासूने विचारलं, "नक्षत्र कोणतं गं?"

"ते सावकाश बघा, अम्मा," पूंकुळली म्हणाली. "घटका, तिथी, नक्षत्रं ही माणसांनीच आभाळ बघून बसवलेली मापं. त्यांनी दिवस जरूर मोजा. पण रक्त वाहत असेल तेव्हा दवाखान्याचा मुहूर्त एकच. आत्ता!"