सर्वांच्या माहितीसाठी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत व्यवस्थापकांना पाठीमागे सगळे ‘दवंडीसाहेब’ म्हणत. माणूस कामाला वाघ, पण ईमेल पाठवताना हात फार सढळ! पंख्याची जागा बदलली, कळवा सगळ्यांना. कुणाला बढती मिळाली, कळवा सगळ्यांना. मग सगळे सगळ्यांना कळेल असं ‘अभिनंदन’ लिहीत आणि बढतीवाला सगळ्यांचे आभार मानी. एखाद्यानं नाही लिहिलं तर साहेबांचा चेहरा पडे, म्हणून कुणी मागे राहत नसे.

त्या सकाळी साहेब खुर्चीत टेकतात न टेकतात तोच इस्पितळातून मेट्रनचा फोन आला.

“लिफ्ट मजल्यापेक्षा वीतभर वर थांबतेय, हे आम्ही कधीच कळवलं होतं. तक्रार मेलवरच करा, असं तुम्हीच सांगितलंत ना? आज ऑपरेशनचा पेशंट स्ट्रेचरसकट जिन्यावरून न्यावा लागला. पायरीवर एकाचा पाय घसरला. पेशंट वाचला तो नशिबानं!”

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते तरातरा बाहेर आले आणि मुख्य इंजिनिअर ताईंवर बरसले, “ताई, इस्पितळाचा मेल वाचायला फुरसत नाही तुम्हाला?”

ताई साहेबांच्या रागाला भीक घालणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी स्क्रीन साहेबांकडे वळवला.

“हा बघा. वर तुमचा पंखा, खाली बढतीची अभिनंदनं आणि मध्ये हा बिचारा. माझ्या नजरेतून सुटला, ती चूक माझी. पण साहेब, दिवसभर उगाच कुणी दार वाजवत राहिलं, तर माणूस दार उघडायचंच सोडून देतो!”

“अहो, पण सगळ्यांना माहिती नको?”

“पंख्याची? तो डोक्यावर फिरतोय की, दिसतो सगळ्यांना!”

कुणीतरी फिसकन हसलं. साहेब उसळणार होते, पण जिन्यावरचं ते स्ट्रेचर त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. ते खरोखर खजील झाले. त्यांनी मेट्रनना फोन लावला.

“लिफ्ट आत्ताच्या आत्ता बंद ठेवा. चूक आमची आहे. मी आणि ताई निघालोच!”

दुपारी लिफ्ट मजल्याला बरोबर टेकली आणि स्ट्रेचर धक्का न लागता आत गेलं. साहेबांचा जीव भांड्यात पडला.

परतल्यावर साहेब आधी संगणकापुढे बसले. ‘यापुढे विनाकारण सर्वांना मेल पाठवू नये’ असं लिहिलं आणि सवयीनं तो सर्वांनाच पाठवायला निघाले! मागून ताई खाकरल्या. साहेब जीभ चावून उठले आणि प्रत्येक टेबलाशी जाऊन म्हणाले, “ज्याचं काम, त्यालाच मेल. आणि यासाठी मला धन्यवाद कळवू नका, बरं का!”

वाचकहो, मेल पाठवायला पैसा लागत नाही, म्हणून तो फुकट नसतो. त्यात समोरच्याचं लक्ष खर्च होतं आणि त्याचं काम त्या लक्षावरच चालतं. पाठवण्याआधी एवढंच विचारू या: हे कळलं नाही, तर याचं काही अडेल का? अडणार नसेल, तर बोट मागे घेऊ या. कुणी सांगावं, त्याच वेळी जिन्यापाशी कुणीतरी स्ट्रेचर धरून उभं असेल!