आता मी तापत नाही

मित्रांनो, आपली हकिकत सांगायला वय व्हावं लागतं असं म्हणतात. माझं वय झालेलं नाही. मी तेरा महिन्यांची जेट बोट आहे. माझा निळा रंग अजून तोंड दिसेल इतका चकचकीत आहे आणि मागच्या बाकाच्या एका कोपऱ्याला कारखान्यातलं प्लॅस्टिक तसंच चिकटून आहे. तरीही सांगते, कारण माझ्या बाबतीत जे व्हायचं ते होऊन गेलं. पुढे काही विशेष घडेल असं मला वाटत नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. साच्यात आधी रंग फासला, मग काचेच्या धाग्यांचं कापड, मग चिकट राळ, मग पुन्हा कापड. दोन बायका हातात रूळ घेऊन दिवसभर एकेक बुडबुडा दाबून बाहेर काढत होत्या. "राहिला एखादा, तर तिथूनच फुटते मेली," एक दुसरीला सांगायची. त्यांनी एकही ठेवला नाही. अजूनही माझं अंग कुठे तडकलेलं नाही.

मग इंजिन बसवलं आणि चाचणीसाठी मला एका मोठ्या टाकीत सोडलं. टाकीत नळाचं पाणी होतं, तळ स्वच्छ दिसत होता. तासभर इंजिन चाललं. तापमानाचा काटा मधोमध राहिला. साहेबांनी कागदावर सही केली. त्या कागदावर लिहिलेलं सगळं खरं होतं. फक्त त्या टाकीत वाळू नव्हती.

इथे तुम्हाला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. साध्या मोटरबोटीला मागे पाण्यात फिरणारा पंखा असतो. मला तो नाही. पोटाखालच्या जाळीतून मी पाणी आत ओढते आणि मागून जोरात फेकते. त्याच पाण्यातलं थोडं पाणी एका नळीतून इंजिनाकडे जातं आणि त्याला थंड ठेवतं. म्हणजे मी ज्या पाण्यावर चालते, तेच पिते. माझी सगळी कथा एवढ्यावरच आहे.

मला ज्यांनी घेतलं त्यांना नदीवरचे लोक कप्तान म्हणतात. कधीकाळी कुणीतरी थट्टेने म्हटलं असेल, पण आता त्यांचं खरं नाव कुणाला आठवत नाही. तीस वर्षं त्यांनी एक जुनी पंख्याची बोट चालवली. त्यांच्या बायकोला सगळे उतारू काकू म्हणायचे. काकूंची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीन दिवस त्यांना नदीच्या खालच्या अंगाच्या शहरात दवाखान्यात जावं लागायचं. तिथे चार तास यंत्राला जोडून त्यांचं रक्त साफ करायचे. नदीने चाळीस मिनिटं लागत. रस्त्याने जायचं तर पूल फार लांब होता, बसने तीन तास जायला आणि तीन तास यायला.

नदीला पाणी असेपर्यंत जुनी बोट जायची. पाणी उतरलं की तिचा पंखा तळाला लागायचा आणि मग चार महिने बसशिवाय गत नव्हती. अशा एका खेपेला काकू बसमध्येच बेशुद्ध पडल्या. त्यानंतर कप्तानांनी जुनी बोट विकून टाकली आणि मला आणलं. मी हातभर पाण्यातही चालते.

पहिल्या दिवशी धक्क्यावर मिस्त्री भेटला. नदीवरच्या सगळ्या इंजिनांचं दुखणं-खुपणं तोच बघतो. तो काकूंना म्हणाला, "काय वहिनी, सवत आणली वाटतं कप्तानने!"

"सवत कसली, सून आहे," काकू म्हणाल्या. "बघू या, किती दिवस ऐकते."

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. कप्तान रोज सकाळी मला पुसायचे. काकू नेहमी मागच्या बाकावर, इंजिनाच्या झाकणाला लागून बसायच्या. त्यांना सतत थंडी वाजायची आणि झाकण कोमट असायचं. त्या त्यावर हात ठेवून बसायच्या, एखाद्या मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

तिसऱ्या आठवड्यात मी पहिल्यांदा ओरडले.

आमचा दिनक्रम असा होता. कप्तान मला वरच्या धक्क्यावरून काढायचे. तिथे पाणी खोल आहे. मग घराजवळच्या वाळूच्या थांब्यावर यायचे. तिथे धक्का नाही, नुसता उतरता काठ आहे. कप्तान माझं नाक वाळूत रोवायचे आणि इंजिन चालूच ठेवायचे, म्हणजे प्रवाहाने मी हलू नये. काकू आणि आणखी सात-आठ जण कोरड्या पायांनी चढायचे. त्यांनी तीस वर्षं हेच केलं होतं. तिथून निघून दहा मिनिटं झाली, की माझा लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा. इंजिन तापलं, थांबा, एवढंच मला बोलता येतं.

पहिल्या खेपेला कप्तानांनी लगेच इंजिन बंद केलं. जाळी पाहिली, शेवाळ नव्हतं. वीस मिनिटं आम्ही प्रवाहात तरंगत राहिलो. मग इंजिन गार झालं, चालू झालं आणि आम्ही पोचलो. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला पुन्हा.

मिस्त्री म्हणाला, तापमान मोजणारा सेन्सर खोटं बोलतोय. सेन्सर बदलला. मी ओरडलेच. मग थर्मोस्टॅट बदलला. मग पंपाचं रबर. कंपनीला फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "नवीन इंजिन आहे साहेब, रुळेल हळूहळू." मिस्त्रीने मला धक्क्याला बांधून अर्धा तास चालवलं. तिथे खोल, स्वच्छ पाणी. काटा जागचा हलला नाही.

"बघ," मिस्त्री म्हणाला, "माझ्यासमोर कशी गुणी बाळासारखी वागते. तुझ्यासमोरच नखरे."

"तुला घाबरत असेल," कप्तान म्हणाले. "तुझं बिल बघून कोणीही गार पडेल."

पाण्याच्या नळीवरची गाळणीही उघडली होती त्यांनी. तिच्यात थोडी वाळू होती. नदीत वाळू असायचीच, म्हणून झटकून परत बसवली. गाळणीतून निसटणारी बारीक वाळू पुढे कुठे जाते, हे कुणी पाहिलं नाही.

खरं दुखणं ओळखलं ते काकूंनी. त्यांना इंजिनातलं काही कळत नव्हतं. पण त्यांचा हात माझ्यावर असायचा.

"अहो," त्या एकदा म्हणाल्या, "ही वाळूवरून निघाली की तापते. त्याच्या आधी नाही."

"वाळूचा काय संबंध? मिस्त्रीने सगळं तपासलंय."

"मिस्त्री इथे बसत नाही. मी बसते."

कप्तान हसले. काकू नाही हसल्या. "तुम्ही नाक टेकवून इंजिन घरघरत ठेवता ना, तेव्हा मागून गढूळ पाणी उडतं. हिच्या पोटात पण तेच जात असणार. लांब उभी करा. मी येईन पाण्यातून चालत. गुडघाभर तर आहे."

"वेडी आहेस का?" कप्तान म्हणाले. काकूंच्या पायांना सूज असायची, घोट्याजवळची कातडी फुटली होती आणि डॉक्टरांनी पाय कोरडे ठेवायला सांगितलं होतं. "तुझे पाय मी ओले होऊ देणार नाही. बाकीचं सगळं जाऊ दे खड्ड्यात."

मित्रांनो, ही काळजीच होती. मला त्यांच्यावर राग धरता येत नाही. पण दुसऱ्या दिवशीही त्यांनी माझं नाक वाळूत रोवलं, नेहमीपेक्षा जास्तच, म्हणजे काकूंना एकही पाऊल ओलं टाकावं लागू नये. आणि मी वाळू पीत राहिले.

भोंगा वाजला की काकूंच्या छातीत धडधडायचं. म्हणून एके दिवशी मिस्त्री म्हणाला, "खोटा भोंगा आहे हा. वायरच काढून टाकतो. वहिनींच्या जिवाला घोर नको."

"ओरडू दे की तिला," काकू म्हणाल्या. "तोंड कशाला दाबता?"

पण वायर काढली गेली. लाल दिव्यावर काळी पट्टी चिकटवली. काटाही खोटाच ठरवला, त्याच्याकडे कुणी बघेना. त्यानंतर मी तापत होते आणि माझ्याजवळ सांगायला काही उरलं नव्हतं.

पाणी उतरायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. दवाखान्याचा दिवस होता. बोटीत फक्त कप्तान, काकू आणि शाळेत शिकवायला जाणाऱ्या एक बाई होत्या. थांब्यावरून निघाल्यावर थोड्याच वेळाने काकूंनी झाकणावरचा हात झटकन उचलला.

"अहो, चटका बसतोय."

"ऊन पडलंय त्यावर. पोचलो की बघतो."

"उन्हाचा नाही हा. थांबवा."

"मशीनची वेळ चुकेल गं. जरा दम धर."

जळक्या रबराचा वास आला. मग माझ्या आत काहीतरी आवळलं गेलं आणि इंजिन एका जागी थिजलं. नदी तिथे सर्वांत रुंद आहे. आम्ही दोन तास वाहत होतो. शाळेच्या बाई छत्री धरून काकूंजवळ बसल्या होत्या आणि मध्येच म्हणत होत्या, "काही नाही होत काकू, येईल कुणीतरी." शेवटी एका मच्छीमाराने दोरी टाकून आम्हाला ओढत नेलं. दवाखान्यातलं यंत्र तोवर दुसऱ्या रुग्णाला लावलं होतं. काकूंना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बाकावर बसून राहावं लागलं.

मला ट्रेलरवर घालून मिस्त्रीच्या शेडमध्ये आणलं. त्याने इंजिन खोललं. पाणी बाहेर नेणाऱ्या नळीच्या वळणात जे साचलं होतं ते त्याने वर्तमानपत्रावर ठोकून पाडलं. मूठभर वाळू, पिठासारखी बारीक, भाजून काळी पडलेली. कप्तान आणि काकू दोघंही समोर होते.

"वाळूवर नाक टेकवून इंजिन चालू ठेवतोस?" मिस्त्रीने विचारलं.

"तीस वर्षं ठेवतोय."

"त्या बोटीला चालत होतं. हिला नाही." मग तो मान खाली घालून म्हणाला, "चूक माझीही आहे. मी हिला नेहमी खोल पाण्यात तपासली."

कप्तानांनी काकूंकडे पाहिलं. आता बोलणी बसणार असं त्यांना वाटलं असावं. काकूंनी वाकून वाळू चिमटीत घेतली. "एवढीशीच?" त्या म्हणाल्या.

"यापुढे तुझं ऐकेन," कप्तान म्हणाले. "शब्द देतो."

इंजिनाचं हेड, म्हणजे आतलं धातूचं डोकं, तापून वाकडं झालं होतं. नवीन यायला दोन महिने लागतील असं कंपनीने कळवलं. मिस्त्रीने रोज फोन केले, शिव्याही दिल्या. खालच्या अंगाला जाणारी दुसरी बोट त्या पाण्यात चालत नव्हती. म्हणून पुन्हा बस. आठवड्यातून तीनदा, तीन तास जायला, तीन तास यायला. बसथांबा शेडच्या समोरच आहे. मी ताडपत्रीच्या फटीतून बघायचे. जाताना काकू चालत जायच्या. येताना कप्तान त्यांना जवळजवळ उचलूनच उतरवायचे.

सातव्या आठवड्यात बसमधून उतरल्यावर काकू घराकडे न जाता शेडमध्ये आल्या. एका खोक्यावर बसल्या. ताडपत्री बाजूला करून त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला.

"गार पडलीये बिचारी."

"सुटा भाग येतोय पुढच्या आठवड्यात," कप्तान म्हणाले. "मिस्त्रीला फोन आलाय."

"येऊ दे." काकूंनी पदराने झाकणावरची धूळ पुसली. "अहो, माझं ऐकीन म्हणाला होतात ना?"

"म्हणालो होतो."

"मग आता मला नेऊ नका."

"दहा दिवस गं. दहा दिवस काढ. मग चाळीस मिनिटांत—"

"बोटीसाठी नाही म्हणत मी. दमलेय. मशीनला पण, बसला पण." मग त्या म्हणाल्या, "एवढं तरी ऐका."

कप्तानांनी ऐकलं.

सुटा भाग बारा दिवसांनी आला. तेव्हा काकूंना जाऊन चार दिवस झाले होते. मिस्त्रीने तो बसवला, भोंग्याची वायर जोडली, लाल दिव्यावरची पट्टी खरवडून काढली. पैशाचं नाव काढलं नाही. मला पाण्यात सोडलं. काटा मधोमध.

आता मी पुन्हा चालते. कप्तान वाळूच्या थांब्यावर काठापासून लांब, गुडघाभर पाण्यात थांबतात आणि इंजिन बंद करतात. उतारू चपला हातात घेऊन पाण्यातून येतात. पहिल्या दिवशी एक जाडजूड आजोबा धापा टाकत चढले आणि हसून म्हणाले, "कप्तान, हे आधीच करायचं की! आम्ही काय मिठाचे आहोत, विरघळायला?" सगळे हसले. कप्तानांनी इंजिन चालू केलं.

निघाल्यावर दहा मिनिटांनी ते अजूनही वेग कमी करतात. काट्याकडे बघतात. तो ठीक असतो, तरी मागच्या बाकावर जो कोणी बसला असेल त्याला विचारतात, "झाकणाला हात लावून बघा हो जरा. तापलंय का?"

"नाही," उतारू म्हणतो. "छान कोमट आहे."

"बरं," कप्तान म्हणतात, आणि वेग वाढवतात.

मित्रांनो, यंत्राची निगा कशी राखावी हे तुम्हाला सांगणं माझं काम आहे, म्हणून सांगते. गाळणी धुवा. उथळ पाण्यात इंजिन बंद करा. यंत्र ओरडलं तर त्याचं तोंड बांधू नका. आणि त्याच्या सर्वांत जवळ बसणारं माणूस काही सांगत असेल, तर ते काय म्हणतंय ते आधी ऐका, मग मिस्त्रीकडे जा. हे केल्याने गेलेलं परत येतं असं मी म्हणणार नाही. आमचं आलं नाही. पण तुमचं कदाचित अजून गेलेलं नसेल.