डोलीची शेपटी

हंसाचं लग्न झालं. वैशाखात, सातपाटीच्या एका बोटवाल्याशी. ही बातमी इथेच सोडून देऊ आणि ती घडलीच नाही असं धरून चालू. रामनाथ गेली दोन वर्षं तसंच धरून चालतो, आणि त्याचं जेवणखाण व्यवस्थित आहे.

रामनाथ नवापूरचा, मच्छीमाराच्या घरातला. पण वाळूवर ओढून ठेवलेल्या बोटीकडे बघूनही त्याला ओकारी यायची. म्हणून घरच्यांनी त्याला तारापूरच्या एका कारखान्यात, ड्रॉइंगच्या खोलीत चिकटवलं. तिथे कॉम्प्युटर आला आणि नोकरी सोडून जाणाऱ्या एका इंजिनियरने त्याला दोन फ्लॉपी दिल्या. आत आलेख काढायचं सॉफ्टवेअर, तेही फुकट. आतला प्रोग्रॅम कुणीही उघडून वाचावा, वाटावा. यू आणि व्ही असे दोन आकडे घ्यायचे, त्यांच्यावरून लांबी-रुंदी-उंचीची सूत्रं लिहायची, की पडद्यावर गोळा, कडं, शंख, काय हवं ते उभं राहायचं. सगळं आडव्याउभ्या रेषांनी विणलेलं. रामनाथला वाटलं, हे तर जाळं! जाळं दिसलं की त्याला शेजारची हंसा आठवायची. जाळं नसलं तरी आठवायची.

हंसा ओटीवर बसून बापाची डोल विणायची. डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जाळं; तोंड घराएवढं, शेपटी हातभर. तिचा बाप भगवंत याचा नियम होता, "ज्याला डोल कळत नाय, त्याला माजी पोर नाय."

"काका, कागदावर काढून आणली तर?" रामनाथने विचारलं.

"आन की. घोडापन काढून आन, नवरदेवाला बसायला."

रामनाथने ते मनावर घेतलं. यू जाळ्याभोवती गोल फिरणारा, व्ही तोंडाकडून शेपटीकडे जाणारा. कुठे जाळ्याचे किती डोळे, म्हणजे भोकं, कमी करायचे ते हंसा मोजून सांगायची, तो वहीत उतरवायचा. एकोणतीसनंतर ती मुद्दाम थांबायची, म्हणजे तो वर बघेल. तो बघायचा. वहीतलं ते पान अजून सगळ्यांत मळकं आहे.

खडखड करत प्रिंट निघालं. भगवंतने कागद उलटा धरला, मग सुलटा.

"तोंड बेस. पोट बेस. शेपटी का शिवलीस रे? मासळी काडू कुटून, तुज्या कानातून?"

रामनाथने व्ही पार टोकापर्यंत नेला होता, वर्तुळाचा ठिपका होईपर्यंत. गणितात ते फार सुंदर दिसलं होतं. पण डोलीची शेपटी उघडीच असते. पाण्यात सोडताना ती दोरीने बांधतात, वर ओढली की सोडतात.

हंसा त्याच्यामागोमाग कुंपणापर्यंत आली. "कागुद ऱ्हाऊ दे. उद्याच्या भरतीला बोटीवर ये. बाबासमोर शेपटीची दोरी बांद. येवडंच बगायचं हाय त्याला."

"ओकारी आली तर?"

"समुद्राला काय फरक पडतो?"

रामनाथ रात्रभर विचार करून अशा निष्कर्षाला आला की दोरी बांधण्यापेक्षा दोरीची गाठ पडद्यावर काढून दाखवावी. गाठ म्हणजे वळलेली नळी. नळी म्हणजे पुन्हा यू आणि व्ही. सात आठवडे लागले. नळी सारखी स्वतःच्याच पोटात शिरायची. शेवटी बसली, आणि अशी बसली की कुठूनही फिरवून बघावी. कागद घेऊन तो भगवंतच्या दारात आला, तेव्हा माणसं मांडव उतरवत होती. त्यांनीच सांगितलं की त्याला बोलावलं होतं त्या भरतीला हंसा गुडघाभर पाण्यात दोरी धरून उभी होती, बोट दिसेनाशी होईपर्यंत.

भगवंतने कागद बराच वेळ बघितला. "गाठ बेस हाय," तो हळूच म्हणाला. "सुटते काय?"

"चित्र आहे, काका."

"मंग ऱ्हाऊ दे."

सातपाटीला एसटी जाते. रामनाथ ती रोज बघतो. परवा ड्रॉइंगच्या खोलीत बसून त्याने एक अर्ज टाइप केला:

"मा. तहसीलदारसाहेब, पालघर यांस. विषय: एक भरती परत मिळणेबाबत. महोदय, अर्जदाराकडील सॉफ्टवेअरमध्ये यूचं शेवटचं टोक फिरून पहिल्या टोकाला मिळतं, असं वारंवार दिसून आलं आहे. तरी सदर सोय नवापूर किनाऱ्यास लागू करून दि. २९ मार्च १९९४ ची भरती अर्जदारास पुन्हा एकवार मिळावी, व तोवर संबंधित दोरी कोणाही इसमाने बांधू नये असे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती. ओकारीसाठी पिशवी अर्जदार स्वतः आणील."