टांकसाळे सरांची अंगाई

“पुन्हा एकदा म्हण,” सर म्हणाले. “सावकाश. एकेक शब्द सुटा.”

मुलगी पलंगावर बसून बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. ती हसली. “तिसऱ्यांदा म्हणायला लावताय, बाबा. गाणं तुमचं, आणि परीक्षा माझी?”

“म्हण गं. ऐकावंसं वाटतं.”

हे अर्धं खरं होतं. मुलगी लांब राहायची. दोन वर्षांनी, तीन महिन्यांचं बाळ घेऊन ती कालच घरी आली होती. आल्या आल्या बाळ रडायला लागलं, तेव्हा तिनं त्याला खांद्यावर घेऊन ती जुनी अंगाई म्हटली आणि सरांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. रात्रभर त्यांना झोप नव्हती. सकाळी बायको औषधांच्या दुकानात कामाला निघून गेली, बाळ न्हाऊन झोपलं, आणि सर मुलीसमोर खुर्ची ओढून बसले.

ती हलक्या आवाजात म्हणू लागली.

“आभाळ दारी, झाड हळूहळू,
झोप गं बाळ, पाणी नको ढळू.
वाटेत चांदणं, स्वप्नं भोवती,
आई उशाशी, बाबा सोबती.”

सरांनी बोटांवर मोजले. आभाळ, दार, झाड, हळू, झोप, बाळ, पाणी, वाट, चांदणं, स्वप्न, आई, बाबा. बरोबर बारा. त्यांनाही हेच बारा आठवत होते, आणि दुखणं नेमकं तिथंच होतं.

सरांचं खरं आडनाव आता गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नाही. पूर्वी त्यांचा टायपिंगचा आणि पुढं संगणकाचा वर्ग होता. तेव्हा कुठंतरी परदेशातल्या चार लोकांच्या गप्पांत त्यांनी वाचलं, की संगणकावर एक नवं नाणं निघालंय, त्याला ना सरकार ना बँक, आणि ते आपल्यालाही पाडता येतं. पोरं घरी गेली की वर्गातली यंत्रं रिकामीच असत. सरांनी ती कामाला लावली. यंत्रं घरघरत आकडेमोड करायची आणि त्या आकडेमोडीची बिदागी म्हणून नाणी जमा व्हायची. पोरं म्हणाली, सरांनी टांकसाळ काढली. बघता बघता सर टांकसाळे झाले. पुढं पुढं पोस्टमनही त्याच नावानं विचारत यायचा.

बायको म्हणायची, “नाणं काही दिसत नाही, विजेचं बिल मात्र दिसतं.”

सर पडतझडत शिकले. एका अनोळखी पोराला थोडी नाणी धाडून त्याच्याकडून जुना प्रिंटर मागवला. तो खरोखरच घरपोच आला, तेव्हा सगळ्या वर्गाला चहा पाजला. एकदा भाव दुप्पट झाला म्हणून थोडी विकली आणि आठवडाभर कॉलर ताठ करून फिरले. पुढं भाव दसपट झाला आणि कॉलर खाली आली. संगणकावरच्या ज्या दुकानाकडे लोक नाणी ठेवायला देत, ते दुकान एका सकाळी शटर ओढून पसार झालं. लोकांनी कपाळाला हात लावले. सर मात्र गालातल्या गालात हसले, कारण त्यांची नाणी कुणाकडेच नव्हती. ती त्यांच्या डोक्यात होती.

त्याची रीत अशी, की सगळ्या नाण्यांची किल्ली म्हणजे बारा साधे इंग्रजी शब्द, ठरलेल्या क्रमानं. शब्द असले तर जगातल्या कुठल्याही यंत्रावर तिजोरी उघडते. शब्द गेले की सगळं गेलं. जाणती मंडळी सांगत, कागद जळतो, यंत्र चोरीला जातं, तेव्हा शब्द डोक्यात ठेवा. सरांना बारा इंग्रजी शब्द क्रमानं लक्षात राहीनात. मग त्यांनी डोकं लढवलं. शब्दांचं मराठी केलं, ते एका चालीत बसवलं. घरात दोन वर्षांची मुलगी होती, बायको दुकानात असल्यामुळे तिला दुपारी झोपवायचं काम सरांकडे होतं. रोजची अंगाई, रोजची उजळणी. चोराच्या बापालाही कळणार नाही, यावर सर जाम खूश होते.

पुढं मुलगी शाळेत जायला लागली, अंगाई थांबली. नाण्यांचा भाव कोसळला, ती तिजोरी ज्यात होती ते वर्गातलं यंत्र जळलं, वर्गही बसला. सर ती तिजोरी विसरून गेले. आणि मग एके दिवशी भाव असा चढला, की सात पिढ्यांनी बसून खावं. सरांनी गाण्याचे शब्द परत इंग्रजीत फिरवले आणि नव्या यंत्रात घातले.

तिजोरी उघडली. आत शून्य.

त्या जुन्या तिजोरीचा खोडसाळपणा हाच होता. चुकीचे शब्द दिले तर ती ‘चूक’ म्हणत नसे. कुठल्याही बारा शब्दांना ती गुपचूप उघडायची, फक्त ती दुसरीच, कुणाचीच नसलेली, रिकामी तिजोरी असायची. आणि मराठी ‘बाळ’ म्हणजे इंग्रजीत चाइल्ड, बेबी की किड? ‘वाट’ म्हणजे रोड, पाथ, की वाट बघणं? ‘हळू’ म्हणजे स्लोली, सॉफ्ट, की क्वाएट? चार वर्षं सर हेच करत होते. जेवतानाही त्यांचे ओठ हलायचे. शेवटी एका जुन्या विद्यार्थ्यानं सगळे अर्थ आलटूनपालटून लावणारा एक प्रोग्रॅम लिहून दिला. तोही सगळीकडे हिंडून शून्य घेऊन परत आला.

“सर, यातला एखादा शब्द मूळचा नाहीये,” विद्यार्थी म्हणाला होता. “एखादाच बदलला असेल तर काढू आपण. पण तीन-चार बदलले असतील तर हात जोडा आणि सोडून द्या. माझ्यानंच काय, कुणाच्यानंच होणार नाही.”

बायको या वयातही दुकानात दिवसभर उभी असायची. संध्याकाळी तिच्या पायांना सूज असायची. वर्ग बसला तेव्हापासून घर तिच्यावर चालत होतं. सरांनी तिला शब्द दिला होता, की गाण्यातली किल्ली लागली, की तुला त्या काउंटरवरून उठवीन. तिनं तो शब्द फारसा मनावर घेतला नव्हता, असं सरांना वाटायचं. सरांनी मात्र घेतला होता.

“आपण हे असंच म्हणायचो का गं?” सरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. “पहिल्यापासून?”

“छे!” मुलगी म्हणाली. “पहिल्यापासून कुठलं? ‘वाटेत अंधार’ होतं आधी. मी भोकाड पसरायचे. मग तुम्ही अंधार काढून चांदणं घातलंत. आठवत नाही तुम्हाला?”

सर ताडकन उभे राहिले. अंधार! चांदण्यासाठी त्यांनी इंग्रजीचा सगळा कोश पालथा घातला होता, आणि शब्द होता अंधार. एकच. एकच शब्द बदललेला. संध्याकाळपर्यंत विद्यार्थी तो शोधून काढेल. बायकोला काय सांगायचं, कसं सांगायचं, हेही त्यांच्या मनात ठरून गेलं.

“शाब्बास,” ते म्हणाले. “शाब्बास माझी पोरगी. बाकी मग सगळं हेच ना?”

“हेच कसं? झाड माझं आहे की!” मुलगी रंगात आली होती. एवढी वर्षं ज्या गोष्टी कुणी विचारल्या नव्हत्या, त्या बाप समोर बसून विचारत होता. “खिडकीसमोरचं झाड तोडलं तेव्हा मी जेवले नव्हते. तुम्ही म्हणालात, रडू नको, आपण त्याला गाण्यात लावू. आणि लावलंत.”

“त्याच्या जागी काय होतं?”

“देव जाणे. मी केवढी होते?”

सर खुर्चीत बसले. “आणि?”

“आणि आई दवाखान्यात होती ना आठ दिवस, तेव्हा आईला घातलं. ती परत आल्यावर मी म्हटलं, आता काढायचं नाही. मग मला वाटलं, आई आहे तर बाबा का नको? तुम्ही म्हणालात, नको गं, शब्द बिघडतो. मी रुसले. दोन दिवस बोलले नाही तुमच्याशी.” ती हसत सुटली. “मग घातलंत बाबा. किती लाड केलेत हो तुम्ही माझे!”

सरांना आता सगळं आठवत होतं. ते रुसलेलं तोंड, भिंतीकडे केलेली पाठ, फ्रॉकचं तुटलेलं बटण. फक्त काढून टाकलेले शब्द आठवत नव्हते. तेव्हा मनात म्हटलं होतं, मूळचे काय, आपल्या ध्यानात राहतीलच. नाण्यांना तेव्हा कुणी विचारत नव्हतं, आणि पोर रुसली होती.

“बाबा? चेहरा असा काय झालाय तुमचा?”

मग त्यांनी सांगितलं. चार वर्षं तिच्यापासून लपवलेलं सगळं चार वाक्यांत संपलं. तिच्या हातातलं दुपटं मांडीवरच राहिलं.

“म्हणजे,” ती म्हणाली, “ते माझ्यासाठी नव्हतंच?”

“तसं नाही.”

“रोज दुपारी तुम्ही उजळणी करत होतात.”

“अगं, तुझ्यासाठी नसतं तर मी बदललं असतं का?” सर म्हणाले. हे उत्तर खरं होतं आणि ते तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांना राहवलं नाही. “एका झाडापायी! एका रुसव्यापायी! कशाला ऐकलं मी तुझं?”

“मी तीन वर्षांची होते, बाबा.”

“मी तुला कुठं काय म्हणतोय? अक्कल मलाच नव्हती.”

पण ते तिलाच म्हणत होते, आणि ते दोघांनाही कळलं. सरांना स्वतःची शरम वाटली. तरी आतला राग जाईना. लेकीचा हट्ट पुरवला याचा त्यांना मनापासून पश्चात्ताप होत होता. असा बाप आपण कधी झालो, हे त्यांना समजेना.

बाळ जागं झालं आणि किरकिरू लागलं. मुलीनं त्याला उचललं, सवयीनं तोंड उघडलं, आणि सरांकडे बघून मिटलं. ती नुसतीच येरझाऱ्या घालत राहिली. बाळ काही गप्प होईना.

तेवढ्यात बायको दुकानातून जेवायला घरी आली. चपला काढून, हात धुऊन तिनं बाळाला मुलीकडून घेतलं. “आजोबा आणि आई दोघं असून पोर रडतंय? काय म्हणावं तुम्हाला!” ती पलंगावर बसली, सुजलेले पाय वर घेतले, बाळाला मांडीवर आडवं केलं आणि थोपटत म्हणू लागली, “आभाळ दारी, झाड हळूहळू...”

तिला कुणी थांबवलं नाही. मुलगी खिडकीशी जाऊन उभी राहिली. सर खाली बघत ऐकत होते. गाणं शेवटपर्यंत म्हणून झालं, बाळ शांत झालं.

मग बायकोनं मान वर न करता, आज भाजी काय आणायची हे विचारावं तितक्या सहज विचारलं, “आठवलं का हिला काही?”

तिचा थोपटणारा हात थांबला होता. सरांनी त्या हाताकडे पाहिलं. इतकी वर्षं ही बाई हसत आली होती, बिलाचे टोमणे मारत आली होती, आणि आता श्वास रोखून बसली होती.

मुलीनं वळून बापाकडे पाहिलं.

“नाही,” सर म्हणाले. “तिला काय आठवणार? ती लहान होती.”

बायकोनं मान हलवली. हात पुन्हा थोपटू लागला.